विश्लेषण : भाड्याच्या घरात पाळीव प्राण्याने नुकसान केले, तर खर्च कोणाचा?

दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे, कुरतडलेला सोफा, फाटलेली मच्छरजाळी, मूत्राने फुगलेले लाकडी फ्लोअरिंग. घरमालकाला हे बहुधा घर रिकामे होताना दिसते आणि वाद थेट अनामत रकमेवर येतो. कराराची मुदत चालू असतानाच हा प्रश्न सोडवता येतो का?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात घरे बहुतेक वेळा ‘लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स’ तत्त्वावर दिली जातात. हा भाडेपट्टा नव्हे, तर घर वापरण्याचा परवाना असतो. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम १०८ लागू होते. त्यानुसार भाडेकरूच्या चुकीने झालेली मोडतोड मालकाने नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत भाडेकरूने दुरुस्त करायची असते. परवान्यात मात्र करारात काय लिहिले आहे, यावर बरेच अवलंबून असते. नेमके तिथेच, तयार मसुद्यात, प्राण्यांविषयी अनेकदा एक ओळही नसते.

नोंदणी टाळणाऱ्या मालकांची अडचण आणखी मोठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘मांजर ठेवायला तोंडी परवानगी होती,’ असे भाडेकरू म्हणाला, तर ते खोडून काढायचे काम मालकाचे.

झीज की नुकसान?

खरे भांडण इथे असते. भिंतीचा उडालेला रंग, फरशीवरचे बारीक चरे ही वापरातली झीज. तिचा खर्च भाडेकरूकडून मागणे योग्य नाही. कुत्र्याने कुरतडलेला दरवाजा हे नुकसान. पण आठ वर्षे वापरलेल्या सोफ्यासाठी नव्या सोफ्याची किंमत मागणेही रास्त नाही. दुरुस्तीचा खर्च किंवा वस्तूची आजची किंमत एवढीच मागणी टिकते. ताबा देताना काढलेली छायाचित्रे आणि सामानाची सही केलेली यादी नसेल, तर ओरखडे आधीपासूनच होते, या बचावाला उत्तर देणे कठीण.

मुदत चालू असताना काय करावे?

बहुतेक करारांत पूर्वसूचना देऊन घराची पाहणी करण्याची तरतूद असते. ती वापरावी, स्वतःच्या किल्लीने न सांगता आत शिरू नये. नुकसान दिसल्यास छायाचित्रे काढून ईमेलने किंवा पत्राने कळवावे, सुताराचे अंदाजपत्रक जोडावे आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. नुसत्या फोनवरच्या बोलण्याचा पुढे पुरावा उरत नाही. भाडेकरूनेही लपवण्यापेक्षा स्वतःहून कळवलेले बरे. मूत्र लाकडात मुरले, की पुसून भागत नाही, फळ्या बदलाव्या लागतात.

सगळी अनामत जप्त करता येते?

‘प्राण्यामुळे नुकसान झाल्यास संपूर्ण अनामत जप्त’ अशी अट काही करारांत दिसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम ठरलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा. चार हजारांच्या दुरुस्तीसाठी लाखाची अनामत अडवून धरणे म्हणूनच न्यायालयात टिकणे अवघड. उलट नुकसान अनामतीपेक्षा जास्त असेल, तर उरलेल्या रकमेसाठी मालक दिवाणी दावा करू शकतो.

प्राणीच काढायला सांगता येते?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले, की गृहनिर्माण सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. पण हे झाले सोसायटीपुरते. करारात प्राणी न पाळण्याची अट भाडेकरूने मान्य केली असेल, तर तिचा भंग झाल्यावर मालक करारानुसार नोटीस देऊ शकतो. वाद वाढल्यावर कुत्रा रस्त्यावर सोडून देणे हा मात्र मार्ग नव्हे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. मालकाने पाणी-वीज तोडून दबाव आणणे हेही त्याच्याच अंगाशी येऊ शकते.

नवा करार करताना प्राण्याचा प्रकार, संख्या आणि दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्यावी. घर सोडताना व्यावसायिक साफसफाई कोण करणार, हा मुद्दाही त्यातच घालता येतो.