पिस्तूल घ्यायचेच असेल तर

श्रीरामपुरात आमचे एक भुसार व्यापारी मित्र आहेत. बाजाराच्या दिवशी हिशेब संपवून, रोकड पिशवीत घालून ते रात्री घरी जातात. मध्यंतरी त्यांच्यामागे दोन मोटारसायकली लागल्या. स्टेशनपाशी गर्दी होती म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला विचारले, "भाई, लाख-सव्वा लाखात एखादे बरे पिस्तूल मिळेल का?" हाच प्रश्न सराफी पेढीवर आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातही आमच्या कानी आला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथेच देत आहोत.

पहिली खरेदी पिस्तुलाची नव्हे, परवान्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, पोलीस ठाण्याचा अहवाल जातो, आणि २०१६ च्या नियमांपासून हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. वय २१ पूर्ण हवे. मोहल्ल्यातल्या भांडणात चॅप्टर केस होऊन शांतता राखण्याचे बंधपत्र दिलेले असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत परवाना मिळत नाही. अर्जात "जिवाला धोका आहे" एवढेच लिहून भागत नाही. रोकड किती, कोणत्या रस्त्याने, किती वाजता नेता ते कागदपत्रांसह लिहावे. पाठलाग झाला असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी, तिची नक्कल जोडावी. आमच्या मित्राने ती दिलीच नव्हती. "कशाला झंझट!" म्हणाले. अर्जाला आधार देणारा एकमेव कागद त्यांनी असा हातचा घालवला. नकार आला तर अपिलाचा हक्क आहे, तो सोडू नये.

आता मालाकडे वळू. सामान्य नागरिकाला मिळते ते .३२ बोअरचे. ९ एमएम आणि .३८ ही बोअर बंदी असलेल्या वर्गात येतात, तेव्हा दुकानदाराशी त्याची चर्चाच नको. .३२ मध्ये रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल असे दोन प्रकार आहेत आणि दोघांची काडतुसे वेगवेगळी, एकाचे दुसऱ्यात चालत नाही. मॅगझिनच्या पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात, ते चपटे असल्याने कमरेला दिसत नाही. परंतु त्याला सराव लागतो. गोळी अडकली तर ती झटक्यात काढण्याची हाताला सवय हवी. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तरी घोडा पुन्हा ओढला की पुढचा खाना समोर येतो. वर्षातून एकदा रायफल क्लबची पायरी चढणाऱ्या व्यापाऱ्याने पिस्तुलाचा मोह टाळून रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणाचे घ्यावे? सरकारी आयुध कारखान्यांचा माल आजही सरळ सौदा आहे. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचे .३२ पिस्तूल 'अशनी' नावाने येते. कानपूरने २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत त्या वेळी सुमारे सव्वा लाख होती. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणले. ते ७०० ग्रॅमचे आहे आणि त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणे सोपे. उत्तर प्रदेशातल्या सांडिल्यात वेब्ली अँड स्कॉटचे रिव्हॉल्व्हरही २०२० पासून बनू लागले, पण नावाचे पैसे मोजावे लागतात.

विलायती मालाचा मोह अनेकांना असतो. खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरणारे वॉल्थर किंवा ब्राउनिंग हे चाळीस-पन्नास वर्षांचे आणि भाव कित्येक लाखांत. स्प्रिंग तुटली तर सुटा भाग कोठून आणणार? आमच्या हिशेबाने ती हौस झाली, हत्यार नव्हे.

किंमत विचारताना कर धरून विचारा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. लाखाच्या मालावर चाळीस हजार करातच जातात. शिवाय काडतुसे, घरात भिंतीला पक्की केलेली तिजोरी आणि सराव. म्हणून मध्यम ऐपतीच्या माणसाने परवानाधारकाकडून जुने कानपुरी रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार करावा. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. घाई करणाऱ्याशी सौदा करू नका. हत्यारावरचा नंबर त्याच्या परवान्याशी ताडून पाहा. नळीत गंज आहे का, घोडा ओढल्यावर सिलिंडर हलतो का, हे जाणत्या माणसाला दाखवा.

आणि कट्टा? सातपुड्याच्या कुशीतून, मध्य प्रदेशच्या हद्दीवरून तो आपल्या जिल्ह्यात येतो आणि थोडक्या पैशांत मिळतो. आमच्या ओळखीच्या लेथवाल्या उस्तादांनी सांगितले, "नळीचे पोलादच नसते ते. पाइपाचा तुकडा, कोणत्या गोळीला हातात फुटेल सांगता येत नाही." २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगल्यास किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे शिक्षा आहे. दुकानाच्या रक्षणासाठी घेतलेला कट्टा पोरगा खिशात घालून फिरला, तर दुकानही जाते आणि पोरगाही.

याच ठिकाणी आमच्या कारागीर भावांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे. लेथवर, वेल्डिंगच्या दुकानात कोणी "एवढी पिन बसवून द्या, एवढी स्प्रिंग बदला" म्हणून वस्तू पुढे करतो. दोनशे रुपयांचे काम. परंतु हत्याराची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही, आणि तो गुन्हा बाळगण्याच्या कलमात नव्हे, बनवण्या-विकण्याच्या कलमात बसतो. शिक्षा किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत. "मला काय माहीत कशाचा भाग आहे" हे कोर्टात चालवून घेणे फार कठीण. गिऱ्हाईक कितीही जवळचे असो, वस्तू बाकावर ठेवूच देऊ नका.

परवानाधारकांनाही कटकटी आहेत. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, म्हणजे ऐन कांद्याच्या हंगामात तुम्ही पुन्हा रिकामे. मालकाचे निधन झाले तर वारसांनी ते घरात ठेवू नये, ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावे. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात.

आमच्या मित्राने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तोवर रोकडीचे काय?" आम्ही म्हटले, अर्ज आजच भरा. तोवर वेळ आणि रस्ता रोज बदला, निम्मी रक्कम दुपारीच बँकेत भरा आणि मोठ्या गिऱ्हाइकांना मोबाईलवरून पैसे पाठवायला सांगा. गेल्या आठवड्यात ते तक्रार द्यायला ठाण्यात जाऊन आले.