‘तिचा स्वभावच तसा!’

बाळंतीण रडू लागली की घरात निदान तयारच असतं : ‘तिचा स्वभावच हळवा!’ मैत्रिणींनो, हे निदान फार सोयीचं आहे. दोष तिच्या माथी मारला की नवऱ्याला, सासरला, दवाखान्याला काहीच करावं लागत नाही.

स्वभावाचा संबंध नाही, असं नव्हे. मुळात फार काळजी करणाऱ्या बाईला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्याचा धोका अधिक असतो. पण गोव्यातला २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांतल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांनी धोका वाढत होता. बाळ मुलगा की मुलगी, यावरही तो अवलंबून होता. हा काय तिचा स्वभाव?

गरोदरपणात वजन, रक्तदाब तपासतात. मग ‘झोप लागते का? घरात मारहाण होते का?’ हे तिला एकटीला बाजूला घेऊन का विचारत नाहीत? दवाखान्यांकडे ही मागणी करू या. आणि आपल्या गटातली गरोदर बाई हळवी असेल, तर तिच्याकडे सगळ्यांत आधी जाऊ या.