कियापो, कुबाओ, दिविसोरिया
या आठवड्यात मनिलाच्या जीपनींचे फोटो पाहत बसले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लांबवून तिथल्या कारागिरांनी ही गाडी घडवली. लास पिन्यासच्या साराओ नावाच्या कारागिराने तर १९५३ साली जीपनींचा कारखानाच काढला. बॉनेटवरचे चकचकीत घोडे देखणे खरेच, पण माझा जीव जडला तो काचेमागच्या, थांब्यांची नावं सांगणाऱ्या पाटीवर: कियापो, कुबाओ, दिविसोरिया. हाताने रंगवलेली जाड, ठसठशीत अक्षरं, गाडी पकडायला धावणाऱ्यालाही लांबून वाचता येतील अशी! ‘कुबाओ’ नावाचा फाँटही याच पाट्यांवरून एका फिलिपिनो डिझायनरने केला. वेबसाइटची बटणं रंगवणाऱ्या प्रत्येकाने आधी या पेंटरांच्या हाताखाली उमेदवारी करावी. २०१७ पासूनच्या सरकारी आधुनिकीकरणात जुन्या जीपनी हटवायच्या ठरल्या आहेत. गाड्या खुशाल बदला, पण नव्या गाडीची पाटीही त्याच पेंटरकडून रंगवून घ्या.