शाळा टेक्सासची, फी परक्याची

सेतू केंद्राच्या रांगेत कधी उभे राहिला असाल, तर डोमिसाइल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, आणि त्यासाठी दहावी-बारावी इथूनच झाली का, हेही बघतात. इथे शिकला, तो इथला. अमेरिकेत सध्या नेमक्या याच हिशेबावरून कोर्टकचेरी चालू आहे. फरक एवढाच की तिथल्या ज्या मुलांबद्दल भांडण आहे, त्यांच्याकडे देशात राहण्याचेच कागद नाहीत.

तिथल्या सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण 11 ते 14 हजार डॉलर पडतात, बाहेरच्याला 40 हजारांच्या वर. आता दोन-तीन वर्षांचं असताना आईबापांच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेलं मूल घ्या. बालवाडीपासून बारावीपर्यंत ते टेक्सासच्या सरकारी शाळेत शिकलं. त्याला कुठला दर लावायचा? केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज त्याला मिळतच नाही. त्यामुळे दर बदलला, की त्याच्यापुरता विषय संपला.

टेक्सासने 2001 साली याचं उत्तर दिलं होतं. बारावीच्या आधी सलग तीन वर्षं राज्यात राहिलेला असावा, तिथूनच शाळा पूर्ण केलेली असावी, आणि संधी मिळताच कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन असं प्रतिज्ञापत्र द्यावं. मग फी राज्यातल्या दराने. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. सही केली रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी. पुढे 2011 मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले, तेव्हा भर डिबेटमध्ये ते या कायद्याच्या पाठीशी उभे राहिले आणि विरोध करणाऱ्यांना काळीज नाही असंही सुनावलं. पक्षातल्या लोकांना ते बोलणं चांगलंच झोंबलं, ही गोष्ट वेगळी.

त्याच टेक्सासमध्ये 4 जून 2025 ला काय झालं बघा. केंद्राच्या न्याय खात्याने राज्यावर खटला भरला. राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी बचाव करायचा, तर ते म्हणाले, मान्य. न्यायाधीशांनी त्याच दिवशी कायदा कायमचा रोखला. म्हणजे वादी-प्रतिवादी दोघंही एकाच बाजूला, आणि ज्यांची फी तिप्पट-चौपट होणार ती मुलं कोर्टात कुठेच नाहीत. त्यांच्या वतीने मॅल्डेफ या संस्थेने अर्ज केला, पण तोवर निकाल लागून गेला होता. विधिमंडळाचं अधिवेशन दोनच दिवस आधी संपलं होतं. कायदा रद्द करायचं विधेयक तिथे आलं होतं, पण मंजूर झालं नाही. जे सभागृहात जमलं नाही, ते एका दुपारी उरकलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. कायदा चुकीचा वाटत असेल तर बदला ना, पण समोरासमोर वाद घालून.

केंद्राचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. 1996 चा एक कायदा म्हणतो, की राज्यात राहतो एवढ्या आधारावर कागद नसलेल्याला अशी सवलत देता येणार नाही. द्यायची तर ती कुठल्याही राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला मिळायला हवी. कॅलिफोर्नियाने यातून वाट काढली. त्यांचा 2001 चाच कायदा आधार धरतो तो शाळेचा. कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून नंतर दुसऱ्या राज्यात गेलेला नागरिकही तीच सवलत घेऊ शकतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हा कायदा एकमताने टिकवला.

आता तुमच्यातला कोणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: आपला दादा-ताई रीतसर व्हिसा काढून, बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन तिकडे जातात, पूर्ण फी भरतात. मग बिनकागदवाल्याला स्वस्तात का? कारण आपला दादा तिथे शिकायला म्हणून गेला, आणि हे पोर तिथेच वाढलं. शिवाय टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही. तिजोरी भरते ती मुख्यतः विक्रीकरातून, आणि शाळा चालतात त्या बऱ्याच अंशी मालमत्ता करावर. दुकानात बूट घेताना कर कापला जातो, घरभाड्यात घरमालकाचा कर येतोच. तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही. या मुलाचे आईबाप वर्षानुवर्षं तेच कर भरत आलेत.

‘आईबापांनी नियम मोडला’ हा आक्षेपही जुना आहे, आणि त्याचं उत्तरही टेक्सासमधूनच आलं. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर मागायला सुरुवात केली, तेव्हा काही कुटुंबं कोर्टात गेली. ओळख उघड होऊ नये म्हणून सुनावणी भल्या पहाटे ठेवली होती. तिथूनच पकडून नेतील या धास्तीने लोक गाडीत सामान भरून आले होते. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा पोरांना देता येणार नाही, सरकारी शाळेची दारं उघडी राहतील. पण हा निकाल बारावीपाशी थांबतो. राज्याने बारा-तेरा वर्षं खर्च करून मूल शिकवायचं, आणि ते अठराचं झालं की परकं ठरवायचं, यात मला तरी पैशाचासुद्धा शहाणपणा दिसत नाही.

डिग्री घेऊनही त्यांना रीतसर नोकरी मिळणं अवघड आहे, हे खरंय. ओबामांच्या काळात 2012 ला आलेल्या ‘डाका’ योजनेने अशा मुलांना कामाचा परवाना दिला, पण 2021 च्या कोर्टाच्या आदेशानंतर नव्या अर्जांना मंजुरी थांबली. ही अडचण काँग्रेसने सोडवायची आहे. ती सुटेपर्यंत कॉलेजही बंद ठेवायचं, हा उपाय होत नाही.

टेक्सासनंतर केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय अशा राज्यांवर खटले झाले. फ्लोरिडाने तर आपली सवलत 2025 मध्ये स्वतःच काढून टाकली. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकार कॅलिफोर्नियाच्या कायद्याविरुद्धही कोर्टात गेलं. तिथे निदान दुसऱ्या बाजूने बोलायला राज्याचा वकील उभा असेल.