फ्यूज शाबूत, पण पत्र्यात करंट



पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की वस्तीतल्या बायकांच्या तोंडी एक तक्रार ऐकू येते. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, कपाटाची कडी चावते, दाराच्या पत्र्याला ओला हात लागला की झटका बसतो. घरातला कर्ता माणूस बोर्डाकडे बघतो. दिवा लागतो आहे, पंखा फिरतो आहे, फ्यूज शाबूत आहे. तो म्हणतो, "वायरिंग ठीक आहे, तुला भास होतो." इथे बाईचे म्हणणे खरे असते. ते कसे, हे या वेळी थोडे हिशेबाने पाहू.

वायरीतल्या तांब्यावर प्लॅस्टिकचे, आणि फार जुन्या चाळींत रबराचे, जे आवरण असते त्याला इन्शुलेशन म्हणतात. वीज आत राखायची, बाहेर फुटू द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. हे आवरण एका दिवसात जात नाही. एका पॉइंटवर शेगडी, इस्त्री, मिक्सर असे सगळे लावले की वायर तापून आवरण कडक होते आणि तडकते. उंदीर कुरतडतो. फोटोसाठी ठोकलेला खिळा पट्टीच्या आत शिरतो. पत्र्याच्या भोकातून ओढलेली वायर वाऱ्याने वर्षभर घासत राहते. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते, तिच्यात ओल जाते. कोरड्या दिवसांत हे सारे झाकलेले राहते. पावसात मात्र त्याच जागेतून थोडी थोडी वीज पत्र्यात, भिंतीत, पाइपात उतरू लागते.

आता हिशेब. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. समजा आवरण इतके खराब झाले की त्याचा विरोध फक्त ५ हजार ओहम उरला. ओल्या अंगाचा माणसाचा विरोध साधारण १ हजार ओहम धरू. एकूण ६ हजार. २३० ला ६ हजाराने भागले की उत्तर येते सुमारे ३८ मिलिअँपिअर. फ्यूज आहे ५ अँपिअरचा, म्हणजे ५ हजार मिलिअँपिअरचा. त्याला या ३८ ची खबरही लागत नाही. पण १०-१५ मिलिअँपिअरलाच हाताची मूठ आपोआप आवळते आणि माणसाला सुटता येत नाही. ३० च्या पुढचा प्रवाह थोडा वेळ टिकला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. माणूस वाचवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. साध्या एमसीबीचेही तेच.

मग आवरण किती शाबूत आहे हे कळायचे कशाने? खिशातला टेस्टर एवढेच सांगतो की इथे फेज आहे. तो पेटला नाही म्हणून धोका नाही, असे धरून चालू नये. साधे मल्टिमीटर बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टवर मोजते. एवढ्याशा दाबाला ओले, तडकलेले आवरणही दाद देत नाही आणि सगळे उत्तम दिसते. यासाठी वेगळे यंत्र आहे, त्याला आपले वायरमन मेगर म्हणतात. हे मुळात इंग्लंडमधील एका कंपनीने १९०३ मध्ये नोंदवलेले नाव, पुढे ते यंत्राचेच नाव होऊन बसले. जुना मेगर हाताने दांडा फिरवून चालवीत, आता बॅटरीचे आले आहेत. तो वायरीवर ५०० व्होल्टचा दाब देतो आणि आवरणाचा विरोध मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या मापात, दाखवतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन निदान १ मेगओहम विरोध मिळाला पाहिजे, असे होते. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे नियम केले, त्यांतही आकडा हाच राहिला. १ मेगओहमला गळती होते पाव मिलिअँपिअरहूनही कमी. चांगल्या नव्या वायरिंगला तर याच्या कितीतरी पट आकडा येतो. म्हणून १ च्या जवळपास आकडा आला तर ते काठावर पास होणे समजावे.

तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, पण तो काय करतो ते आपण उभे राहून पाहावे. आधी मेन बंद. न्यूट्रलही पुरवठ्यापासून सोडवली पाहिजे, कारण ती ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते आणि तशीच ठेवली तर काटा शून्यावर येतो. टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळे काढायचे, एलईडी दिवेसुद्धा, नाहीतर ५०० व्होल्टने ते बिघडतील. घरातली सगळी बटणे मात्र चालू. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी मोजायचे. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मोजायचे. मोजणी चालू असताना मुलांना वायरीपासून लांब ठेवावे.

आकडा कमी आला तर सगळी वायरिंग बदलायची गरज बहुधा नसते. आम्ही कारकून मंडळी तेरीज जुळली नाही की काय करतो? खातेवही अर्धी-अर्धी करून पाहतो, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते काढतो, मग त्याचे पुन्हा अर्धे. वायरमनही तेच करतो. एकेक फ्यूज काढून कोणत्या सर्किटमध्ये गळती आहे ते बघतो, मग जोड सोडून कोणत्या खोलीत, शेवटी कोणत्या होल्डरमध्ये. पुष्कळदा दोष निघतो ओल्या भिंतीवरच्या एखाद्या बोर्डात. जो वायरमन न मोजताच "सगळी वायर बदला" म्हणतो, त्याला आधी आकडा विचारावा.

आणि आकडा कागदावर घ्यावा. नवे कनेक्शन घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यात या मोजणीची जागा असते. एकाच शाईने, एकाच दमात भरलेले आणि पाच घरांना हुबेहूब एकच आकडा असलेले रिपोर्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कागद कोणता जागेवर बसून भरला आणि कोणता मोजून, हे ओळखायला बी. कॉम. व्हावे लागत नाही.

आमच्या भागातील खोल्यांच्या एका रांगेत मालकाने आरसीसीबी बसवली होती. हे ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारे यंत्र. पावसात ते रोज रात्री पडू लागले. भाडेकरू वैतागले. एका वायरमनने त्याला बगल देऊन वायर थेट जोडून दिली, सगळ्यांना हायसे वाटले. आठ दिवसांनी तिथली शाळेत जाणारी मुलगी पत्र्याच्या हुकाला बांधलेल्या तारेवरचे कपडे काढायला गेली आणि तारेला चिकटली. भावाने कोरड्या लाकडी काठीने तिचा हात तारेपासून सोडवला म्हणून ती वाचली. तळहात भाजला. नंतर मेगर लावला तेव्हा पत्र्याखाली दबलेली वायर सापडली. यंत्र रोज रात्री ओरडून हेच सांगत होते. आरसीसीबी सारखी पडत असेल तर ती काढणारा वायरमन घरात घेऊ नये. तिच्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, लगेच पडली पाहिजे.

विदर्भातल्या वाचकांना कूलरबद्दल वेगळे सांगायला नको. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे गेल्याच्या बातम्या येतात. लोखंडी पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी. कूलर माळ्यावरून काढला की पिनेच्या दोन टोकांना एकत्र धरून त्यांच्यात आणि बॉडीत मेगर लावून घ्यावा. तिसरी पिन कापलेली असेल तर आधी ती बसवावी. मेगरचा आकडा चांगला आला म्हणजे अर्थिंगही चांगले आहे असे होत नाही, ते निराळे तपासावे लागते.

राहिला खर्च. एकट्या घराला मेगर विकत घेणे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण मंडळाच्या वर्गणीतून वस्तीसाठी एक घेता येतो. आपल्यातली कितीतरी मुले आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वायरमन होऊन बाहेर पडली आहेत. त्यांनी मे महिन्याचे दोन रविवार दिले तर एका गल्लीतली घरे आणि समाजमंदिर तपासून होते. साधी चाळीस पानी वही करावी. घर, तारीख, पहिला आकडा, दुसरा आकडा, दोष कुठे निघाला, दुरुस्ती झाली की नाही. पुढच्या वर्षी त्याच घराचा आकडा ५० वरून ३ वर आलेला दिसला, तर १ ची वाट न बघता त्याच आठवड्यात वायरमनला बोलवावे. घरात पुराचे पाणी शिरले असेल तर बोर्ड उघडून नीट वाळवल्याशिवाय आणि पुन्हा मोजल्याशिवाय मेन चालू करू नये.