गंजगोलाई कोणी आखली?

मी मूळची नांदेडची, पण बरीच वर्षं लातूरला उर्दू आणि मराठी शिकवते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडावंदन होतं, भाषणं होतात. एकदा भाषणं संपल्यावर सातवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, कासिम रझवी लातूरचाच ना? मग लोक आपल्याला काय म्हणत असतील?"

रझवी लातूरला वकिली करायचा. पुढे तो रझाकारांचा म्होरक्या झाला. रझाकारांनी खेड्यापाड्यांत केलेले जुलूम खरे आहेत, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "आपली गंजगोलाई कोणी आखली?" वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

निजामाच्या राज्यात लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथवर आली आणि पेठेतल्या मालाला वाट मिळाली. १९१७ साली गोलाई उभी राहिली. तिचा आराखडा फैयाजुद्दीन यांचा. मधोमध अंबाबाईचं देऊळ, तिथून फुटणारे सोळा रस्ते, त्यांवर कुठे सोनं-चांदी, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. आजही अख्खं लातूर तिथेच सौदा करतं.

याच पेठेत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा कारभार होता. सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर काय झालं, ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे : वीसहून जास्त दिवस कत्तल चालली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात सापडले. हा अहवाल कित्येक दशकं दडवला गेला. आपले बुजुर्गही "पोलीस अ‍ॅक्शन" एवढंच म्हणून गप्प व्हायचे.

माझं म्हणणं साधं आहे. रझाकारांचे जुलूम लपवायचे नाहीत, १९४८चे मुडदेही लपवायचे नाहीत, आणि फैयाजुद्दीन यांचं नावही विसरायचं नाही. यातलं एकच सांगितलं, तर कुणाचं पोर मान खाली घालून वाढतं, तर कुणाचं सूड मनात धरून. गावाचा इतिहास हिशेबाच्या वहीसारखा असतो. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की मी सातवीचा वर्ग गोलाईत नेणार आहे. सोळा रस्ते पोरांनाच मोजू दे.