दोस्ताच्या हातातलं पिस्तूल

जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ 1937 साली आली. तिचा शेवट शिकवताना मास्तर लोक हळवे होतात. जॉर्जने लेनीला गोळी घातली, पण दयेपोटी. दोस्ती असावी तर अशी! मला हे पटत नाय. दोस्तांनो, ही दया आली कुठून ते आधी बघा.

कॅलिफोर्नियातलं सॅलिनासचं खोरं. मंदीचा काळ. महिना 50 डॉलरवर दुसऱ्याच्या रानात राबणारे दोन फिरस्ते मजूर. लेनी अंगाने रेडा, डोक्याने पोर. जॉर्ज म्हणाला मार उडी, की पोहता येत नसताना नदीत उडी टाकणारा. बाहेर ओढल्यावर वर त्याचेच उपकार मानणारा. त्या दिवसापासून जॉर्जने त्याची मस्करी सोडली. असा भरवसा सांभाळणं खायचं काम नाय.

त्याच मळ्यावर म्हातारा कँडी. एक हात गेलेला. त्याचा कुत्रा म्हातारा, आंधळा, वास मारणारा. म्हणून कार्लसन त्याला गोळी घालतो. तीही दयाच! कँडीला कळतं, आपण झाडलोट करायला निरुपयोगी झालो की आपल्यालाही हाकलणार. काळा क्रूक्स तर तबेल्यात एकटा. गोऱ्या मजुरांच्या खोलीत त्याला जागा नाय.

लेनीच्या हातून मालकाच्या सुनेचा जीव जातो. मारायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण नवरा बंदूक घेऊन निघतो. कोर्टाचं नाव कोण काढणार? तुरुंगात टाकलं तर पिंजऱ्यात बांधून ठेवतील, हे भला स्लिमच सांगतो. मग जॉर्ज नदीकाठी जातो, सशांची गोष्ट सांगत पाठीमागून गोळी झाडतो. पिस्तूल तेच. कुत्र्याला मारलेलं, कार्लसनचं.

जॉर्जला मी खुनी म्हणत नाय. सगळे दरवाजे बंद करून व्यवस्थेने त्याच्या हातात एवढंच ठेवलं. आपलं काम दोस्ताकडून करून घेतलं आणि त्याला दया म्हणवलं. साला, हा डाव ओळखा.

आणि ही गोष्ट पुस्तकात संपली नाय. 2004 साली टेक्सासच्या वरिष्ठ फौजदारी कोर्टाने फाशीतून कोणता मतिमंद वाचावा हे ठरवताना लेनीचंच उदाहरण घेतलं. लेनीसारखा असेल तर वाचेल. 2012 साली मार्विन विल्सन या काळ्या माणसाला विषाची सुई टोचून मारलं. एका चाचणीत त्याचा बुद्ध्यांक 61 भरला होता. स्टाइनबेकचा मुलगा थॉमस यावर जाहीरपणे संतापला. टेक्सासची ती फूटपट्टी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोडली, ती 2017 साली.

म्हणून दयेचं कौतुक करण्याआधी हिशोब मांडा. त्या दोघांच्या स्वप्नातल्या जमिनीची किंमत होती 600 डॉलर. कँडी त्यातले निम्म्याहून जास्त द्यायला तयार होता. तेवढी जमीन वेळेत मिळाली असती तर लेनी आज ससे पाळत असता, आणि जॉर्जला पिस्तूल चोरावं लागलं नसतं.